मी केलो

प्रणोती हैदराबादहून फोनवर सांगते :
प्रत्येक प्रसंगाचे चार कप्पे कर.
परिस्थिती काय, तुझं काम काय,
तू केलंस काय, निघालं काय.
दोन मिनिटांवर जाऊ नकोस.
आणि ‘आम्ही’ म्हणू नकोस सारखं,
कंपनी ‘आम्ही’ला पगार देत नाही.

फुलेवाडीत आमच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीला
मी वहीत पट्टीनं कप्पे आखते.
खाली गोठ्यात शेजाऱ्यांची म्हैस
पाटीला शिंग घासतीय.

वरिष्ठांशी मतभेद झाला, तो प्रसंग सांगा.
अपुऱ्या माहितीवर निर्णय घेतला, तो प्रसंग सांगा.
तुम्ही चुकलात, तो प्रसंग सांगा.

पाच वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत काढली,
प्रसंग असा काही घडलाच नाही.
रोज नुसतं काम झालं.

‘झालं’ नाही, प्रणोती म्हणते, ‘केलं’.
‘केलं’सुद्धा कसं, बघ ना,
पुस्तकातल्या मराठीत काम केलं, चूक केली, अर्ज केला,
क्रियापद कामाच्या मागं मागं जातं,
करणारी उभी राहते बाजूला, हात पुसत.
घरी मी ‘जेवलो’ म्हणते, ‘आलो’ म्हणते,
इथल्या सगळ्या पोरींसारखी.
‘काम केलो’ म्हणते.
पुण्यात पहिल्या मुलाखतीत तोंडातून गेलं
तर समोरचा हसू दाबत पाणी प्यायला.

मग एक आठवतो. मार्चअखेर.
चारशे हाउसिंग ट्रकवर चढायच्या बेतात,
कागद सगळे बरोबर, माझी सही तेवढी बाकी.
फेटलिंगचे बाबालाल चाचा शिकलगार
हातोडी टेकवत निघाले होते एकेका नगावर,
सवयीनं, बाजारात कलिंगड वाजवावं तसं.
एका जागी थांबले. परत वाजवला.
‘ताई, ह्यो बोलंना बघा.’

कापून बघितला. आत पोकळी, हरभऱ्याएवढी.
कदमसाहेब ओरडले, ट्रकचं भाडं कोण, तू भरणार?
मी बाणेदार काही बोलले नाही.
पेनला टोपण लावलं आणि चहाला गेले.

तर कप्पे :
परिस्थिती, मार्च.
काम, तपासणी.
कृती, मी थांबवलं, मी कापायला लावलं, मी, मी.
निकाल, एकशे बारा नग बाद, गिऱ्हाईक टिकलं.
एक मिनिट चाळीस सेकंद.
चाचा एकाही कप्प्यात बसत नाहीत.

शनिवारी सुट्टीच्या भोंग्याला गेटवर गाठलं त्यांना.
चाचा, हे मी माझं म्हणून सांगू का?
सायकलची चेन बसवत म्हणाले,
‘वाजिवलो मी. थांबिवलीस तू.
दोन्ही सांग की. दोन मिंटं लई असत्यात.’
काळी बोटं पायजम्याला पुसली
आणि पोरीचं कुठं जमलंय ते सांगत बसले.

दुसरी गोष्ट मी तिथं काढलीच नाही.

प्रणोतीला वाटतं, चुकलात-वाल्या प्रश्नाला
गोड काहीतरी दे,
जास्तच बारकाईनं काम करते, असलं.
ती जागा मी अजून कोरी ठेवलीय.

कारण नग बाद झाले तो महिना संपताना
एक तक्ता आला टेबलावर.
बाद मालापोटी फेटलिंगवाल्यांचा
इन्सेन्टिव्ह कापायचा, चौदा नावं,
सहावं शिकलगार बा. म.
खाली तपासणी विभाग, आणि एक टिंबटिंब रेघ.

साडेपाच वाजले होते, बस लागली होती.
वाचलं. सगळं वाचलं.

अंधार पडलाय. कपाटाच्या आरशासमोर
मोबाईलचं घड्याळ लावून उभी आहे.
तुम्ही चुकलात, तो प्रसंग सांगा.
‘सही झाली’, नको.
‘सही केली’, तेही नको,
त्यात सहीच दिसते फक्त.

सही केलो.
मी केलो.

इंग्रजीत हे कसं म्हणायचं
ते प्रणोतीला विचारायला हवं.
वहिनी खालून हाक मारतीय, जेवायला.
आलो, म्हणते. घड्याळ चालूच आहे.